विमानाच्या नाकाला लिंबू-मिरची

माणसं विमानाजवळ आली की आधी त्या काड्यांकडे बोट दाखवतात. पंखाच्या मागच्या कडेला ओळीनं लावलेल्या, वीतभर लांब, पेन्सिलीपेक्षा बारीक काड्या. कुणी म्हणतं अँटेना आहे, कुणी म्हणतं पक्षी बसू नयेत म्हणून लावल्यात. नांदगाव पेठेच्या पुढे हायवेला लागून जे विमान-हॉटेल उघडलं, त्याच्या मालकाचं म्हणणं होतं की या काड्या कंपनीवाले काढायला विसरले.

मी त्याला नीट समजावलं होतं. हवा कापत जाताना विमानाच्या अंगावर वीज साठते, थंडीत स्वेटर काढताना केस उभे राहतात तीच वीज. ती या काड्यांतून मागच्या मागे निघून जाते. नाही गेली तर पायलटच्या कानात माणसाचा आवाज येत नाही, नुसती खरखर येते. मालकानं मान हलवली, "वा ताई" म्हणाला आणि चहा मागवला. वऱ्हाडात कुणी इतक्या पटकन "वा" म्हणालं की समजावं, एका कानानं ऐकलं आणि दुसऱ्यानं सोडून दिलं.

हा मालक मूळचा हिवरखेडचा. घरची काळीभोर जमीन, भाऊ शेती बघतात, हा धंद्यात. त्याच्या घरातली लग्नं, वास्तुशांती, सत्यनारायण, सगळं आमच्या बाबांनी केलेलं. बाबा अकोल्याचे भिक्षुक. गुरुजी म्हटलं की तिकडे दहा-बारा गावांत त्यांनाच समजतात. मालकानं मोडीत निघालेलं एक प्रवासी विमान विकत घेतलं, ट्रेलरवर धड वेगळं आणि पंख वेगळे असं आणवलं आणि जोडून चाकांसकट काँक्रीटमध्ये गाडलं. इंजिनं आधीच कुणी काढून नेली होती, बाहेरची टरफलं तेवढी उरली होती. आत टेबलं. शाळांच्या सहली याव्यात म्हणून प्रत्येक भागाखाली नावाची पाटी लावायची असं त्याच्या मनात आलं आणि त्यानं बाबांना फोन केला. बाबा म्हणाले, "अमरावतीले माही मुलगी हाय. विमान कंपनीच्या ऑफिसात होती. तिले विचार."

मी विमान कंपनीच्या ऑफिसात एक दिवसही नव्हते.

मी विमानं दुरुस्त करायचे. पॉलिटेक्निक करून मुंबईला गेले, तिथं शिकले, परीक्षा दिल्या आणि निवृत्त होईपर्यंत हँगरमध्ये काम केलं. निळा डगला, कमरेला विजेरी, नखांत ग्रीस. रात्रपाळीला विमानाभोवती फेरी मारून प्रत्येक भाग बघायचा आणि सगळं बरोबर आहे अशी सही करायची. माझ्या सहीशिवाय ते विमान जागचं हलत नसे. हे मी बाबांना पहिल्याच सुट्टीत सांगितलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि संध्याकाळी आलेल्या पाहुण्यांना सांगितलं, "एअरलाइनच्या ऑफिसात लागली." मला वाटलं, त्यांना कळलं नसेल. मग तेच आत्याला सांगितलं, तेच शेजारी सांगितलं, तेच धाकट्या भावाच्या सोयरिकीत सांगितलं. एका खंडेनवमीला घरातली सगळी आयुधं पाटावर मांडली होती. बाबांचं पंचांग आणि पोथी, आईची विळी, वकिली करणाऱ्या भावाची कायद्याची पुस्तकं, त्याच्या स्कूटरची किल्लीसुद्धा. मी माझा पाना पुसून आणला होता. बाबांनी तो दोन बोटांनी उचलून खिडकीत ठेवला. "आज शनिवार हाय. लोखंड नको," म्हणाले. विळी काय लाकडाची होती? पण त्या दिवशी मी गप्प बसले, आणि तो राग अजून जिरलेला नाही.

लग्न मी केलं नाही. तो राग वेगळा, त्याबद्दल इथं नको. निवृत्त झाल्यावर अमरावतीच्या राजापेठेत फ्लॅट घेतला. खाली कोचिंग क्लास, सकाळपासून पोरांच्या गाड्यांचे हॉर्न. अकोल्यात का नाही, असं लोक विचारतात. अकोल्यात मी ऑफिसातली बाई आहे. अमरावतीत निदान कुणीच नाही.

मालकाला मी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं की मी ऑफिसात नव्हते, मी दुरुस्ती करायचे. तो खो खो हसला.

"मजाक करता काय ताई? गुरुजीनं सोता मले सांगतलं, ऑफिसात होती म्हणून. गुरुजी कधी खोटं बोलन काय?"

आता यावर काय बोलायचं? माझ्याकडे माझं लायसन्स आहे, फोटो आहेत. पण बाबांनी ज्या गावात शब्द टाकला तिथं माझी कागदपत्रं म्हणजे रद्दी. त्यांनी सांगितलेलं खोटं फक्त त्यांनीच उलटवलं तर उलटेल. आणि वेळ थोडा होता. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. एक डोळा गेलेला, दुसऱ्यात उजेड आणि सावली एवढंच उरलेलं. भिक्षुकी सुटली होती, पण हिवरखेडच्या या जुन्या यजमानानं हट्ट धरला की विमानाची पूजा गुरुजींच्याच हातची. मी तेव्हाच ठरवलं. बाबा येतील, तेव्हा मी त्यांचा हात धरून विमानाला लावीन. दिसत नसेल तर हातानं कळू दे. आणि मग चारचौघांत, त्यांच्याच यजमानांसमोर, एकदा त्यांच्या तोंडून यायला हवं की मुलगी विमानं दुरुस्त करायची. एकदाच. याच्यापेक्षा जास्त मी त्यांच्याकडे कधी काही मागितलं नाही.

म्हणून मी पाट्यांचं काम घेतलं. मालकाबरोबर विमानाभोवती फिरायचं म्हणजे सहनशक्तीची परीक्षा होती. पंखाच्या पोटाला होडीसारखे लांबट डोंगे असतात. त्याला वाटलं, बॉम्ब ठेवायची जागा.

"प्रवासी विमान आहे हो," मी म्हणाले. "उतरताना पंखाची मागची पट्टी खाली सरकते. तिचे रूळ आणि स्क्रू या डोंग्यात असतात. वारा लागू नये म्हणून झाकलेत."

"बरं. अन् हे खाली पोटाले? इथून संडास खाली पडते म्हणते लोक."

"लोक म्हणते!" माझ्या डोक्यात तिडीक गेली. "तो पन्हळ आहे. बेसिनमध्ये हात धुतलेलं पाणी तिथून उडून जातं. संडासाची टाकी आत असते, ती जमिनीवर उतरल्यावर गाडी येऊन उपसते."

शेपटीच्या टोकाला भोक असतं, तिथून आतल्या छोट्या इंजिनाचा धूर बाहेर पडतो. विमान उभं असताना दिवे आणि गार हवा त्याच इंजिनावर चालते. ते ऐकून मालक एकदम खूश झाला. "मंग तंदूरचा धूर तिथूनच काढू!" खरं सांगते, त्या सगळ्या दिवसांत त्याला सुचलेली ही एकच शहाणपणाची गोष्ट.

नाकाजवळ आलो तेव्हा मात्र मी त्याला थांबवलं. पायलटच्या खिडकीच्या खाली, थोडं पुढं, अंगापासून बाहेर आलेली आणि मग पुढं वळलेली बोटभर नळी होती. बाकीच्या कुणी काढून नेल्या होत्या, ही एक चेपलेली म्हणून राहिली होती. "ही नळी विमानाचा वेग मोजते," मी म्हणाले. "समोरून वारा हिच्या तोंडात शिरतो, जितका जोर तितका वेग. हिचं तोंड बुजलं की पायलटला खोटा वेग दिसतो, आणि खोट्या वेगावर विमान चालवणं म्हणजे मरण. विमान जमिनीवर असलं की हिला टोपी घालतात, कारण कुंभारीण माशी हिच्यात मातीचं घर करते. उडायच्या आधी ती टोपी काढली की नाही हे मी हातानं बघायचे. बाकी कुठंही हात लावा, इथं काही अडकवू नका."

"नाही ताई, काहून अडकवू," मालक म्हणाला.

पूजेच्या दिवशी सकाळी मी रिक्षातून उतरले आणि आधी पंखाकडे बघितलं. उजव्या पंखावरच्या काड्या नव्हत्या. एकही नव्हती. खाली गिट्टीवर तुकडे पडलेले, वेल्डर ग्राइंडर गुंडाळत होता. पलीकडे मालक पांढऱ्या कुर्त्यात मंडपवाल्याला सूचना देत होता. मी तिथूनच ओरडले.

"ताई, ऐका तं," तो पळत आला. "लेकरायच्या डोयात गेल्या असत्या. सहल येऊन राहिली ना शाळेची. अन् दिसत बी नव्हतं चांगलं, झाडूच्या काड्या लावल्यावानी."

"पंख माणसाच्या डोक्याच्या वर आहे! कोणत्या लेकराचा डोळा तिथं पोचतो? जिराफाचं लेकरू येणार आहे का सहलीला?"

"एकाच बाजूच्या काढल्या," तो म्हणाला, जणू ही माझ्यावर मेहेरबानीच.

आणि मग मी नाकाकडे बघितलं. पूजेसाठी नाकाजवळ लाकडी मंच उभारला होता. झेंडूची माळ, केळीचे खांब, आणि त्या नळीवर, नेमकं त्या नळीवर, लिंबू-मिरची टांगलेली. खाली काळी बाहुली. लिंबात ओवलेला दोरा नळीच्या तोंडात कोंबून वरून गाठ मारलेली.

"थे खुंटीच हाय ना," मालक म्हणाला. "बाकी सगळं गुळगुळीत, टांगावं कुठं? देवानंच जागा ठेवली."

नवी मोटरसायकल असो, ट्रॅक्टर असो, ट्रक असो, आमच्याकडे नजरेचं लिंबू आधी बांधलं जातं, मग चावी फिरते. मी ते बघत वाढले आहे, त्याला माझी हरकत नाही. पण अख्ख्या विमानात जी एक जागा बुजली तर माणसं मरतात, ती शोधून काढून तिच्यातच संरक्षणाचा दोरा कोंबायचा, हे आमच्या वऱ्हाडातच होऊ शकतं. विमान आता उडणार नव्हतं, हे मलाही कळत होतं. तरी मी मंचावर चढले आणि लिंबू-मिरची, बाहुली, दोरा सगळं ओढून काढलं. मालकाची बायको "अवो ताई, अपशकुन" म्हणत राहिली. मी ते केळीच्या खांबाला बांधलं आणि खाली उतरले. पंखाखाली जाऊन कापलेली एक काडी उचलून पदरात घेतली.

तेवढ्यात भाऊ बाबांना घेऊन आला. अकोल्याहून गाडीनं. बाबा खादीच्या सदऱ्यात आणि धोतरात, खांद्यावर उपरणं, हात भावाच्या कोपरात. भावानं माझा चेहरा बघितला आणि वकिली आवाजात म्हणाला, "ताई, आज नको. चार लोक हायत."

"चार लोक आहेत म्हणूनच," मी म्हणाले आणि बाबांचा हात त्याच्या कोपरातून काढून घेतला.

पूजेची मांडणी व्हायची होती. मालकाची माणसं पाट, कलश, नारळ आणत होती. मी बाबांना मंचावर नेलं आणि त्यांचा तळवा विमानाच्या पत्र्यावर टेकवला. त्यांनी हात फिरवला. उन्हानं पत्रा तापायला लागला होता.

"केवढं हाय," ते म्हणाले.

"हे नाक. आता इथं." मी त्यांची बोटं नळीवर आणली. चेपलेल्या जागी ती थांबली.

"हे कायचं?"

मी सांगितलं. वारा, वेग, कुंभारीण माशी. उंचीवर बर्फ धरू नये म्हणून ही आतून तापवतात, हेही सांगितलं. "एकदा तापलेली असताना माझा हात लागला होता, बाबा. तळव्याची साल निघाली. तुम्हाला आठवतं? तुम्ही मावशीला सांगितलंत, ऑफिसात चहा सांडला."

मी त्यांचा हात मागं नेला, पत्र्यात बसवलेल्या लहान भोकांच्या चकतीवर. "यानं बाहेरच्या हवेचा दाब कळतो. विमान धुताना हिच्यावर पट्टी लावतात आणि काढायची राहिली तर उंची खोटी दिसते. हेही मी बघायचे. दर रात्री." मग पदरातली काडी त्यांच्या हातात ठेवली, तिचं काम सांगितलं आणि ती कुणी कापली तेही सांगितलं. माझा आवाज चढला होता. खाली बसलेले लोक वर बघायला लागले होते.

बाबा काडीचं कापलेलं टोक अंगठ्यानं चाचपत होते. "हे सगळं तू पायची?"

"मी पाहायचे. आणि सही करायचे."

"अन् थे उडे."

"हो."

ते हळू म्हणाले, "मंग पडलं असतं तं?"

मला आधी कळलंच नाही. "काय पडलं असतं?"

"एखादं विमान. लोक म्हणले असते, गुरुजीच्या पोरीनं नट ढिला सोडला. शंभर-दोनशे माणसं अन् आमच्या घराचं नाव. कोनं बोलावलं असतं मले मंग कोनत्या शुभ कार्याले? ऑफिसात म्हणलं की झालं. ऑफिसातून विमान पडत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं मला वाटत होतं, त्यांना ग्रीसची लाज वाटते, पँटची लाज वाटते, बाईच्या हातात पाना बघून लाज वाटते. लाज परवडली असती. हा माणूस रुपयाच्या लिंबावर भरवसा ठेवून लोकांना नव्या गाडीवर बसवत होता आणि स्वतःच्या मुलीच्या हातांवर त्याचा भरवसा नव्हता. मी एकेक सही करताना त्यांनी दिलेले संस्कार आठवायचे, काम चोख करावं वगैरे, आणि इकडे हे माझं विमान पडायची तयारी करून बसले होते.

"मी सोडलेलं एकही विमान पडलं नाही," मी म्हणाले.

"मले माईत हाय."

"कसं माहीत आहे?"

"पेपर आला की पहिले तेच पायचो. रोज. तुही आई म्हणे, आधी राशीभविष्य वाचा."

"मग? निवृत्त झाले, तेव्हा? तेव्हा तरी सांगायचं होतं. आता कुठलं विमान पडणार होतं?"

त्यांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. "सवय झाली होती," म्हणाले.

सवय. चहाची असते, तंबाखूची असते. मी त्यांच्या हातातून काडी काढून घेतली. भाऊ मंचाच्या पायरीवर येऊन उभा होता, "ताई, पुरे आता" असं तोंडातल्या तोंडात म्हणत. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पूजा झाली. बाबांनी संकल्प सांगितला, आवाज अजून खणखणीत. नाकाला कुंकू लावताना त्यांनी मला विचारलं नाही, पण नळी चुकवून लावलं, हे मी बघितलं. नारळ फुटला. मग मालकानं माईक घेतला. आमदारांचे आभार मानले, बँकेचे मानले, वेल्डरचेही मानले. "अन् आपल्या गुरुजींच्या कन्या, ताई," तो म्हणाला, "विमान कंपनीच्या ऑफिसात मोठ्या पोस्टवर होत्या, त्याइनं आपल्याले सगळी माहिती देली. टाळ्या!" हिवरखेडची मंडळी टाळ्या वाजवायला लागली. त्यातले निम्मे मला लहानपणापासून ओळखणारे.

माझं तोंड उघडायच्या आधी बाबांचा हात वर झाला. टाळ्या वाजवणाऱ्यांना ते आशीर्वादासारखं वाटलं असावं, ते वाजवतच राहिले.

"ऑफिसात नाही," बाबा म्हणाले.

मालक वाकला. "काय म्हणता गुरुजी?"

"ऑफिसात नव्हती. विमानं दुरुस्त करे. माही पोरगी." एवढं म्हणून त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं, काम उरकल्यासारखं. मालकाचा चेहरा पडला. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे, आणि माईक हळूच पाठीमागं घेतला. भाऊ घाईघाईनं प्रसादाचं ताट पुढं करायला लागला. खाली कुणालाच काही कळलं नव्हतं, टाळ्या अजून ऑफिससाठीच वाजत होत्या.

मी मालकाच्या हातातून माईक ओढून घेतला आणि बाबांच्या तोंडासमोर धरला.

"आता मोठ्यानं म्हणा, बाबा," मी म्हणाले. "मागच्यांना ऐकू गेलं नाही."